मांजरीहून लुसिंडाच्या आजोळी

आमच्या गावाकडच्या बायका फोनवर विचारतात, तू म्हणे अमेरिकेचं काम करते, मग सांग ना कशी आहे अमेरिका. एकेकीला किती सांगणार, आणि सांगायला बसलं की बॅलन्स संपतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. आठवडाभराचा प्रवास आहे. रोज मांजरी ते बिबवेवाडी आणि परत, एवढंच, पण त्यात मी ओहायोला जाऊन आली आणि आयोवालाही जाऊन आली. लिहायची सवय नाही, दहावीला इंग्रजीने दोनदा घरी बसवलं, त्यामुळे पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही वर्ध्याकडचे. चिमीचे पप्पा खराडीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला आहेत, तिथं सगळी कंप्युटरवाली पोरं जेवायला येतात. आम्ही मांजरीला एका काकूंच्या चाळीत भाड्याने राहतो, पुढं ऊस आणि मागं बिल्डरची उंच बिल्डिंग, मध्ये आमच्या चार खोल्यांची रांग. चिमी अडीच वर्षांची. मी हडपसरला कंप्युटरचा कोर्स केला आणि तिथल्या सरांनी बिबवेवाडीच्या एका मॅडमचा पत्ता दिला, टायपिंगचं काम आहे म्हणाले. मी नोकरीला जाणार म्हटल्यावर गावाहून सासूबाईंचा फोन आला, पोट्टीले मी घेऊन जातो, शनिवारी येतो, इस्कुलीत जाओस्तोर राहीन माह्यापाशी. मी हो म्हटलं. मी सगळ्याला हो म्हणते, नाही म्हणायची भीती वाटते. आमच्याकडे असं चालतंच, कोणाचं लेकरू आजीकडे, कोणाचं मामाकडे, त्यात काही नवल नाही असं मी स्वतःला सांगत होती. म्हणजे चिमी माझ्याकडे आता तो एकच आठवडा असणार होती.

सोमवार, स्वारगेटच्या पुढे

मांजरीहून हडपसरपर्यंत टमटम. तोपर्यंत मी धीट होती, कारण तो रस्ता माहीत आहे. हडपसरला बस पकडली आणि धीटपणा संपला. एका हाताला चिमी, एका खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि दुधाची बाटली, आणि मुठीत पत्त्याचा कागद, तो घामाने एवढा ओला झाला की आकडे पसरले. पुलाखालून गेलो, पुलावरून गेलो, मला कुठं काही कळेना. स्वारगेटला बस बदलली आणि कंडक्टरला म्हटलं, दादा, बिबवेवाडी आली की सांगा. तो तिकीट फाडता फाडता म्हणाला, "ती येत नाही बाई कोणाकडे, आपल्यालाच जावं लागतं तिच्याकडे." आजूबाजूचे लोक हसले पण नाहीत. पुण्यात असं बोलणं म्हणजे साधं बोलणं आहे हे मला नंतर कळलं, तेव्हा वाटलं माझं काहीतरी चुकलं, म्हणून मी घाबरून दोन स्टॉप आधीच उतरली आणि मग चढावरून चालत, विचारत विचारत, चिमीला कडेवर घेऊन, आईशपथ सांगते, पायातली चप्पल त्या दिवशी तुटली.

मॅडमचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घराचा हॉल. दिवाण सरकवून चार कंप्युटर लावलेले, टीव्हीवर विणलेलं झाकण, आणि त्याच्या बाजूला देव्हारा. मॅडम साठीच्या असतील, पांढरे केस कापलेले, चष्मा नाकावर. दार उघडून त्यांनी आधी चिमीकडे बघितलं, मग माझ्या तुटक्या चपलेकडे.

"मूल आणलंत?"

"हो मॅडम. ठेवायला कोणी नाही. एवढा आठवडा."

"आठवडा चालेल. पुढच्या सोमवारपासून नाही. इथे वायरी आहेत, आणि मला नातवंडं नाहीत. हिला वायरींची सवय नाही, मला हिची नाही."

असं म्हणाल्या आणि चिमीला राजगिऱ्याची वडी दिली. चपलेला लावायला सेफ्टी पिनही दिली. हे असं बोलणं आणि असं वागणं यांची सांगड घालायला मला दोन-तीन दिवस लागले.

काम काय तर अमेरिकेतल्या लोकांची खानदानं शोधायची. तिकडच्या लोकांना आपला खापरपणजोबा कोण, कुठून आला, माहीत नसतं म्हणे. आमच्या गावात भाट यायचा, ओसरीवर बसून पाच पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा आणि पायलीभर जवारी घेऊन जायचा. तिकडे भाट नाही, पण सरकारने दर दहा वर्षांनी केलेली जनगणना आहे, आणि लग्न लावल्याच्या नोंदी आहेत. त्या जुन्या पानांचे फोटो कंप्युटरवर दिसतात. आपण ते अक्षर वाचून रकान्यात टाइप करायचं. मॅडमकडे असं काम तिकडच्या एका कंपनीकडून येतं.

माझी भीती अशी की मला तर इंग्रजी येत नाही. तसं मी सांगूनही टाकलं. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं. ज्यांना येतं ते अंदाज करतात. तुम्ही दिसेल ते लिहा."

मंगळवार, ओहायो

माझ्या शेजारच्या कंप्युटरवर श्रुती नावाची कॉलेजची मुलगी बसते, सकाळी कॉलेज करून येते. तिने मला पानावर फिरायला शिकवलं. म्हणाली, "ताई, हे लिस्ट समजू नकोस. तो माणूस घोड्यावरून घरोघरी गेलाय ना, तर पहिलं घर, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. पेज म्हणजे रोड आहे, रोड."

हे ऐकलं आणि मला एकदम मजा वाटायला लागली. मग मी पान वाचलंच नाही, मी रस्त्याने चालली. अठराशे पन्नास सालचा ओहायो. पहिल्या घरात लोहार, त्याला आठ पोरं. मग एक विधवा आणि तिचा तरणा मुलगा. मग दोन घरं शेतकऱ्यांची. मग शाळामास्तर, एकटाच, तोही दुसऱ्याच्या घरात राहायला, आमच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीतल्या पोरासारखा. कोणाची किती किमतीची जमीन तेही लिहिलेलं. काय पिकवत होते ते नाही लिहिलं, मी विचारलं तर श्रुती म्हणाली मका असेल. मका म्हटल्यावर मला ते लोक थोडे जवळचे वाटले.

मला जे खानदान दिलं होतं ते मर्सर. घरधनी जोसाया मर्सर, वय अठ्ठावीस, शेतकरी. खाली हॅना, चोवीस. खाली लुसिंडा, दोन. माझी पहिली तीन माणसं. मॅडमने सांगितलं, या तिघांपासून सुरू करायचं आणि पुढच्या साली हे कुठं गेले, किती पोरं झाली, सगळं लावत जायचं. तिकडची कोणी बाई हे मागतेय.

मी मन लावून भरलं. नावाचे तीन रकाने होते, पहिलं, मधलं, शेवटचं. पानावर मधलं काही नव्हतं. मला वाटलं घाईत राहिलं असेल, घोड्यावरचा माणूस, तर मी भरून टाकलं. मग जोसायाच्या मधल्या रकान्यापाशी अडली आणि श्रुतीला विचारलं, या जोसायाच्या वडलांचं नाव कुठं मिळेल गं. श्रुतीने माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि तोंडावर ओढणी घेतली. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मॅडम उठून आल्या.

"रंजनाताई, ही हॅना जोसाया मर्सर कोण?"

"त्यांच्या मिसेस, मॅडम."

"आणि लुसिंडा जोसाया मर्सर?"

"मुलगी."

मॅडमने चष्मा काढून पुसला. "तुम्ही त्यांना सरळ रेशनकार्डावर चढवलंत की हो."

मग समजावलं की तिकडे बापाचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये नसतं. मधलं नाव आपलं आपल्यालाच असतं, नसलं तर नसतं. दिसेल ते लिहायचं आणि नसेल ते मोकळं सोडायचं. मी माझ्याच नादात म्हटलं, मग कोणाची बायको, कोणाची पोरगी हे कसं कळायचं. मॅडम म्हणाल्या, "तेच शोधायला तर आपण बसलोय."

मी ती नावं पुसली. हॅना नुसती हॅना राहिली. मोकळा रकाना बघून उगाच कसंतरी वाटत होतं, कपाळ मोकळं दिसावं तसं.

बुधवार, आयोवा

दुसऱ्या दिवशी कोणाला न विचारता बस बदलली, योग्य स्टॉपला उतरली, नवी चप्पल घातली होती, म्हणून मनातल्या मनात फार ऐटीत होती. मर्सर पण पुढं निघाले होते. अठराशे साठ साली ते ओहायोत नाहीत, आयोवात आहेत. श्रुतीने शोधून दिलं. मॅडमला विचारलं किती लांब, तर म्हणाल्या, "पुणे-वर्धा धरा आणि त्याची दीडपट. रेल्वे नका धरू, बैलगाडी धरा." मला एवढ्यातच कळलं. आम्ही पुण्याला आलो तेव्हा रात्रभराची रेल्वे होती तरी मी मनमाडपर्यंत रडली होती.

आयोवाच्या पानावर घरं कमी, वयं तरणी, सगळे बाहेरून आलेले. जन्म कुठं झाला तेही लिहितात, तर एकाचा ओहायो, एकाचा न्यूयॉर्क, एकाचा आयर्लंड. अगदी आमची मांजरीची चाळ. आमच्याकडे एक खोली वर्ध्याची, एक नांदेडची, एक बिहारची, आणि मूळ मांजरीच्या फक्त काकू.

जोसाया सापडला. हॅना सापडली. वॉल्टर, वय नऊ. एमॉस, सात. मार्था, चार. जॉर्ज, एक. मी बोट लावून वर गेली, परत खाली आली. लुसिंडा नाही. बारा वर्षांची असायला पाहिजे होती, सगळ्यात वर.

मला पहिलं वाटलं, शेजारी खेळायला गेली असेल. चिमी जाते ना. तर मी शेजारचं घर बघितलं, त्याच्या शेजारचं बघितलं, पान उलटून पुढच्या आळीत गेली. मॅडम म्हणाल्या, "अहो, खेळायला गेलेल्यांनाही घरीच लिहितात."

श्रुती म्हणाली, "ताई, ती डेड असणार. त्यांच्याकडे तेव्हा बच्चे लोक खूप जायचे. नेक्स्ट करायचं का?"

इतक्या सहज म्हणाली. मी तिला दोष देत नाही, तिला लेकरू नाही. पण चिमी माझ्या खुर्चीखाली मॅडमच्या डब्याची झाकणं वाजवत बसली होती, आणि मी वाकून एकदा तिच्याकडे बघितलं. मी त्या पानावर जन्मगावं परत वाचली. वॉल्टर ओहायोत जन्मला, एमॉस आयोवात. म्हणजे हे निघाले तेव्हा वॉल्टर तान्हा होता आणि लुसिंडा तीन-चार वर्षांची, चिमीपेक्षा थोडी मोठी. तान्ह्याला घेऊन आले. मोठी कुठं गेली.

जेवायला बसलो तेव्हा मी नुसती चिमीलाच भरवत राहिली. मॅडमने त्यांची आमटी वाढली, तिच्यात गूळ. पुण्यात आमटीत गूळ, भाजीत गूळ, माणूस तेवढं तिखट. श्रुतीने माझ्या डब्यातली वांग्याची तर्री चाखली आणि तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, ती म्हणाली, "हे तुम्ही रोज खाता? व्हॉलंटरिली?" मॅडम पहिल्यांदा हसल्या. त्या हसल्या म्हणून मला धीर आला आणि मी विचारलं, "मॅडम, ती आजोळी असेल का?"

"असेल. नसेलही."

"आमच्याकडे ठेवतात."

"तिकडेही ठेवत असतील. पण आजोळी जायचं तर हॅनाचं माहेरचं आडनाव पाहिजे, ते या पानात नाही. ते तिच्या लग्नाच्या नोंदीत मिळेल. लग्न शोधा."

गुरुवार, हॅनाचं लग्न

मॅडमने सांगितलं, तिकडेही लग्न मुलीकडे असायचं, म्हणून मुलीच्या बाजूचे जिल्हे धुंडायचे. ओहायोत जिल्हे किती, आणि जोसाया नावाचे नवरदेव किती. श्रुती एका बाजूने, मी एका बाजूने. अक्षर असं की जणू कोंबडी चालत गेली. मला इंग्रजी नीट वाचता येत नाही पण मी मर्सर हा शब्द आता चित्रासारखा ओळखायला लागली होती, पहिले तीन डोंगर, मग गोल.

मध्येच मला एक शंका आली आणि मी विचारली, कारण आता विचारायची सवय झाली होती. म्हटलं, मॅडम, लग्नाच्या आधी हिचं नाव हॅनाच असेल कशावरून. माझं माहेरचं नाव मंदा. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने रंजना लिहिलं, तेव्हापासून मी रंजना. मला कोणी शोधायचं म्हटलं तर माझं नावही नाही आणि आडनावही नाही.

श्रुतीचे हात थांबले. "वेट, म्हणजे तू मंदा आहेस?"

"होती."

"नाही, तिकडे नाव बदलत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "फक्त आडनाव जातं. तेवढा तरी लोभ कमी." मग म्हणाल्या, "मंदा चांगलं नाव आहे."

त्या दिवशी चिमीने माझ्या कीबोर्डवर दुधाची बाटली उपडी केली. मला वाटलं आता संपलं, आता हाकलणार. मॅडमने कीबोर्ड उलटा करून बाल्कनीत वाळत घातला, पापडासारखा, आणि दुसरा दिला. नोंद दुपारी सापडली. हॅनानेच ती दाखवली असं मला वाटतं, मी नुसती बघत होती. जोसाया मर्सर, हॅना बॉवर्स, आणि लग्न लावणाऱ्या पाद्र्याची सही. बाजूचाच जिल्हा. आईबापाचं नाव नाही, वऱ्हाडाचं नाही, जेवायला काय होतं ते तर नाहीच. एवढं कोरडं लग्न मी कधी पाहिलं नव्हतं. पण मला तिचं माहेर मिळालं होतं. घरी जाताना बसमध्ये उभ्याने मी चिमीला सांगत होती, बॉवर्स, बॉवर्स, आणि तीही म्हणत होती, बोवस.

शुक्रवार, आजोळ

बॉवर्सांचं घर त्या जिल्ह्यात एका वाटेवर सापडलं. अठराशे साठ. सॅम्युअल बॉवर्स, चौसष्ट. एलिझाबेथ, साठ. मग एक गडीमाणूस. आणि सगळ्यात शेवटी, गड्याच्याही खाली, लुसिंडा मर्सर, बारा.

मी श्रुतीच्या दंडाला धरलं. ती स्क्रीनजवळ वाकली, तिने दोनदा वाचलं. "ताई, ही तर अलाइव्ह आहे."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मॅडमने चहा केला, आलं घालून. आजी होती, आजोबा होते, गडी होता म्हणजे घर बरं होतं, गायी असतील, दूध असेल. शाळेत जाते हेही लिहिलं होतं. मी घरी जाऊन चिमीच्या पप्पांना सांगितलं, ते म्हणाले, "पाह्य, सांगतलं होतं ना, आजीपाशी लेकरू चांगलंच रायते." मी मान हलवली. मलाही तेच वाटत होतं. पण मला एक कळत नव्हतं, ती परत कधी गेली.

शनिवार, पुढचं पान आणि त्याच्या पुढचं

म्हणून शनिवारी गेल्या गेल्या मी ते शोधलं. अठराशे सत्तरमध्ये आयोवात बघितलं. जोसाया, हॅना, वॉल्टर, एमॉस, मार्था, आणि एक नवी मुलगी आयडा, सहा वर्षांची. जॉर्ज नव्हता. श्रुतीने मृत्यूची नोंद काढली, जॉर्ज खरंच गेला होता बिचारा. लुसिंडा नाही. मग मी ओहायोला परत आली. बॉवर्सांच्या घरात सॅम्युअल नाही, एलिझाबेथ एकटी, आणि लुसिंडा बी. मर्सर, बावीस. श्रुती म्हणाली बी म्हणजे बॉवर्स असावं, तिकडे कोणी कोणी मध्ये आजोळचं लावतात. मी दिसलं तेवढंच लिहिलं, बी. मग तिथंच तिचं लग्न झालं, त्याच जिल्ह्यात, नोंद सापडली. आजीच्या घरून गेली नवऱ्याच्या घरी. आयोवाच्या एकाही पानावर ती नाही. तीन-चार वर्षांची असताना ठेवली ती ठेवली.

मी मॅडमला विचारलं, मधल्या काळात हॅना भेटायला आली असेल ना, एखाद्या सणाला. मॅडम म्हणाल्या, "आली असेल. जनगणनेत येणंजाणं लिहीत नाहीत. त्या दिवशी घरात कोण, एवढंच."

दुपारी शेवटचं पान काढलं, एकोणीसशे सालचं. जोसाया वारलेला, हॅना चौऱ्याहत्तर वर्षांची, आयोवात एमॉसच्या घरी. त्या साली रकाने वाढले होते. मॅडमने पेन्सिलीने दाखवलं, "इथे बायकांना विचारलंय, मुलं किती झाली, आणि आज किती आहेत." मला नवल वाटलं. परका माणूस दारात उभं राहून म्हातारीला हे विचारतो, आणि ती सांगते. आमच्याकडे एखाद्या बाईने आधी पाणी दिलं असतं, मग रडली असती, मग कधी आकडा सांगितला असता.

हॅनापुढे लिहिलं होतं, झाली सहा, आहेत पाच.

चिमी मांडीवर होती. मी तिची बोटं धरून मोजलं. वॉल्टर, एमॉस, मार्था, जॉर्ज, आयडा. पाच झाले, एक हात संपला. दुसऱ्या हाताचा अंगठा धरला. सहावी लुसिंडा. मेला एकटा जॉर्ज, उरले पाच. म्हणजे पन्नास वर्षांनी तिने लुसिंडाला मोजलं होतं. श्रुतीने हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मॅडम म्हणाल्या, "लिहा. सहा आणि पाच." मी लिहिलं. मग मॅडम म्हणाल्या, सोमवारी वेळेवर या, एकट्या. आणि चिमीला वडीचं अख्खं पाकीट दिलं.

शनिवार संध्याकाळ, मांजरी

घरी पोचली तर सासूबाई आलेल्या. तुरीची डाळ, तिखट, सांडगे, सगळं आणलेलं, आणि चिमीचे कपडे एका पिशवीत भरून झालेले. चिमी त्यांना ओळखत नव्हती, माझ्या पदराआडून बघत होती. त्या म्हणाल्या, "होईन सवय. आठ दिवस रडन, मंग रायन."

मी भाकरी थापायला बसली, त्या समोर बसल्या. बोलायला काही पाहिजे म्हणून मी आठवडाभराचं सांगायला लागली, कंडक्टर, गुळाची आमटी, रेशनकार्ड, त्या हसत होत्या. मग लुसिंडाचं आलं. त्या ऐकत राहिल्या.

"मंग तिची माय कवा आली तिले न्याले?"

"नाही आली. म्हणजे लिहिलेलं नाही. पण म्हातारपणी विचारलं तर तिने तिला मोजलं होतं, आई. सहा सांगितले."

सासूबाई तव्यावरच्या भाकरीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पलटव, जळते."

मी पलटवली.

"मलेबी मामाच्या घरी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "बाप म्हने दोन साल. तिथूनच लगन झालं. माय पोळ्याले येत जाय. मी तिले लोट्यात पाणी नेऊन देत जाओ, पाहुनीले देतेत तसं. मामी म्हने, अवं तुही माय होय ते. मले का माहीत."

हे त्यांनी मला सात वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. आवाजही बदलला नाही, डाळीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी म्हटलं, तुमच्या आईनेही मोजलंच असेल तुम्हाला.

"मोजलंच असंन. मोजाले काई लेकरू घरात असा लागत नाई."

मी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि बाहेर आली. आठवडाभर माझ्या मनात एक गोष्ट होती आणि मी ती कोणाला विचारली नव्हती. आमच्या घरवाल्या काकू पाण्यावरून, लाइटवरून, दोरीवरच्या कपड्यांवरून बोलतात, मला त्यांची फार भीती. त्या गोठ्यात म्हशीपाशी होत्या. मी लांबूनच, एका दमात म्हटलं, काकू, मी कामाला गेली की दिवसभर चिमीला तुमच्याकडे ठेवाल का, ती त्रास देत नाही, म्हणजे देते, पण जेवते सगळं, पाणी मी भरून देईन.

काकूंनी बादली बाजूला ठेवली. "येवढा येळ लागला व्हय इचारायला? तुझ्या सासूला बी सकाळधरनं बघतीय मी, पिशव्या भरतीय. म्हनलं ह्यांच्याकडं पोरं पार्सल करत्यात का काय."

"तुम्ही ठेवाल?"

"म्हस ठिवली, सून ठिवली, पोरगी काय जड हाय? पर ऊस खाल्ला आन् दात किडलं तर मला बोलायचं न्हाय."

आत येऊन मी सांगितलं. चिमी इथंच राहील असं म्हटलं, सासूबाईंच्या तोंडाकडे न बघता म्हटलं. चिमीचे पप्पा आईकडे बघायला लागले, आई काय म्हणते म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "मंग हे फोनवरच सांगाचं होतं. मी गाय शेजारनीच्या भरोशावर टाकून आलो." बास. मग जेवायला वाढ म्हणाल्या.

रविवारी त्यांची गाडी होती. मी पिशवीतून चिमीचे कपडे काढून फळीवर ठेवले आणि पिशवीची घडी घालून त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या रिकामी पिशवी घेऊन मी गावात कशी शिरू, लोक काय म्हणतील. तेवढ्यात काकू विळा घेऊन उसात शिरल्या आणि कांडकी तोडून आणली, हिरवी, माती लागलेली. चिमीच्या कपड्यांच्या जागी सासूबाईंनी ती उभी भरली, शेंडे बाहेर राहिले, आणि टमटममध्ये बसताना चिमीला म्हणाल्या, "येजो पोळ्याले, मायले घेऊन."